रत्नपाल हिवराळे यांची सिएलो

रत्नपालच्या घरात चार चाकांची वस्तू एकच होती, फ्रिजखालचं स्टँड. तेही ओढायला गेलं की एका बाजूला पळायचं. तरी सत्याण्णवच्या आसपास इंदूर शहरातल्या जुनी इंदूर या वस्तीत, त्याच्या गल्लीत, गाड्यांबद्दल सगळ्यात जास्त बोलणारा माणूस तोच होता. आणि बोलणं म्हणजे ॲव्हरेज किती देते वगैरे नाही. कुठल्या गाडीचं नाक कसं, कुठलीचे डोळे कसे, कुठली पाठमोरी बरी दिसते आणि कुठलीनं पाठ न दाखवलेलीच बरी, इथपर्यंत.

त्याआधी त्याचा सगळा जन्म कापडात गेला होता. वडील तात्याराव महूच्या फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पोराचं पाळण्यातलं नाव पंढरीनाथ. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर तात्याराव कडक इस्त्रीचे कपडे घालून शाळेत गेले आणि हेडमास्तरांकडून नाव बदलून घेऊनच बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सवयीनं जुनंच नाव पुकारलं, तर हा जागेवरून म्हणाला, "सर, तो शाळा सोडून गेला."

पुढे हा रत्नपाल गिरणीत लागला, फोल्डिंग खात्यात. तयार कापड उजेडासमोरून सरकायचं आणि त्यातली गाठ, तुटलेला धागा, तेलाचा ठिपका दिसला की खडूनं खूण करायची. दोन तपं हेच केल्यावर डोळ्यांना दुसरं काही सुचेना. समोर काहीही आलं की आधी पोत बघायचा, मग किनार. मुलगी बघायला गेला तेव्हा पोहे घेऊन आलेल्या स्मिताला तो पहिलं वाक्य बोलला ते, "पदरात एक धागा सुटलाय." स्मितानं होकार कसा दिला हे तिलाही कधी कळलं नाही. पण ते वाक्य मात्र ती पाव्हण्यारावळ्यांना अजून ऐकवायची.

मग गिरण्या एकेक करत बंद पडल्या. रत्नपालचीही पडली. स्मिता टेलिफोन खात्यात होती म्हणून घरातली चूल काही थंडावली नाही. रत्नपालनं मल्हारगंजमध्ये एका कापडवाल्याच्या गोदामात अर्ध्या दिवसाचं काम धरलं. सकाळी कापडाची थानं, म्हणजे तागे, मोजायची आणि जेवणाच्या वेळेला मोकळं व्हायचं. पण ही मोकळी दुपार त्याच्या अंगावर यायची. आयुष्यभर दुपारी यंत्रांच्या खडखडाटात काढलेला माणूस, त्याला पंख्याच्या आवाजात झोप येईना.

तशीच दुपार दिवाकर आगाशेच्याही अंगावर येत होती. दिवाकर त्याच गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून. राहायला मल्हारगंजात, रत्नपालच्या गोदामाच्या पलीकडच्या गल्लीत. बायको सुलोचना शाळेत शिकवायची, मुलगा सुजय पिथमपूरला एका कारखान्यात इंजिनिअर. माणूस असा टापटीप की गिरणी बंद झाल्यावरही सफारी सूट घातल्याशिवाय भाजी आणायला जायचा नाही. खिशात दोन पेनं. एक निळं, एक लाल. लाल कशाला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

तर एका मे महिन्यात हे दोघं गिरणीच्या देण्याची चौकशी करायला पलासियाच्या बाजूला गेले. साहेब जागेवर नव्हते. परत येताना ए.बी. रोडवर ऊन असं की डांबराला चपला चिकटत होत्या. तेवढ्यात उजव्या हाताला मोठ्या काचेचं एक नवं शोरूम दिसलं. दार उघडलं की आतला गारवा पार फुटपाथपर्यंत यायचा.

"आत जाऊन विचारू तरी," दिवाकर म्हणाला.

"काय विचारू?"

"काहीही. थंड आहे."

आत गेल्यागेल्या टाय लावलेला एक तरुण पुढे आला. "आइए सर, फॅमिली के लिए देख रहे हैं?"

रत्नपाल परत फिरायच्या बेतात होता. पण दिवाकरनं सफारीची कॉलर नीट केली, लाल पेनाला हात लावला आणि अगदी सावकाश म्हणाला, "हां. कम्पेअर कर रहे हैं."

त्या एका शब्दावर दोघांना खुर्च्या मिळाल्या, पाणी आलं, पाठोपाठ लिंबाचं सरबत आलं. आणि समोर पांढरी शुभ्र एस्टीम उभी. मघाशी ज्या दोघांना साहेबाच्या शिपायानंसुद्धा बाकावर बसा म्हटलं नव्हतं, त्यांच्यासाठी हा तरुण दार उघडून वाकून उभा होता.

बाहेर आल्यावर रत्नपाल म्हणाला, "दिवाकर, आपण खोटं बोललो रे."

दिवाकरनं विचार केला. "कम्पेअर करतोय म्हणालो ना? मग दुसरी गाडी बघितली की खोटं राहणार नाही."

दुसरी गाडी, म्हणजे सिएलो, थोडी पुढे होती. त्यांनी तीही बघितली. तिथे सरबताऐवजी कॉफी होती. आणि तिथेच, कॉफीचा कप हातात असताना, रत्नपालला सिएलो आवडली.

नुसती आवडली असती तर एकवेळ ठीक होतं. त्यानं तिच्याभोवती एक फेरी घातली, मग खाली वाकून डोळ्याच्या रेषेत तिची कड बघितली, जसं टेबलावर कापड बघायचा तसं. "दिवाकर, इकडे ये. बघ. नाकापासून शेपटीपर्यंत एकाच थानातून कापलीय. कुठे जोड दिसतोय तुला?"

"लांब आहे म्हणून आवडली तुला," दिवाकर म्हणाला. "तुम्ही फोल्डिंगवाले. जास्त वार निघाले की खूश. ती एस्टीम बघ. पट्टी ठेवून आखल्यासारखी. हे बोनेट, ही केबिन, ही डिक्की. तिन्ही रकाने वेगळे. माणसाला कळलं पाहिजे, कुठे काय संपलं ते."

"गाडी आहे ती, हजेरीपट नाही!"

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. आठवड्यातून दोन-तीनदा दुपारी जेवण झालं की दोघं राजवाड्यावरून माणसं नेणारा शेअरचा टेम्पो पकडायचे. रत्नपालचं म्हणणं, गाडीला चेहरा असतो आणि सिएलोचा चेहरा घरंदाज बाईचा आहे. बोलत नाही, पण घरात तिच्यावाचून पान हलत नाही. दिवाकरचं म्हणणं, एस्टीम म्हणजे पहिल्या बाकावरची मुलगी. वेण्या घट्ट, वह्यांना कव्हरं. दारं लावून बघायची तर दोघं डोळे मिटून आवाज ऐकायचे. "ठप्प" आला की रत्नपाल मान डोलवायचा आणि दिवाकर म्हणायचा, "यात काय, पिठाचा डबा लावल्यासारखा आवाज." मधेच त्यांना गिरणीच्या मॅनेजरची जुनी ॲम्बेसेडर आठवायची आणि मग तिच्या गोल पोटाविषयी दोघं क्षणभर एकमतानं हळवे व्हायचे.

घरी जाऊन रत्नपालनं तात्यारावांना सगळं समजावून सांगितलं. म्हाताऱ्याला ऐकू कमी यायचं, पण गाडी म्हटलं की यायचं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "पुलाखालच्या पाण्यात घातली तर पलीकडे निघते का?"

"बाबा, फॅमिलीची गाडी आहे ती. पाण्यात कोण घालतंय?"

"मग दोन्ही सारख्याच," म्हातारा म्हणाला आणि कुशीवर वळला.

सिएलोच्या शोरूममध्ये सुरभी नावाची एक मुलगी होती, इंदूरचीच, मराठी. महिन्याभरात तिनं ओळखलं की हे अंकल लोक गाडी घेणार नाहीत, या जन्मी तरी नाही. पण तिला त्यांची गंमत वाटायची. "अंकल, आज नवा कलर आलाय, देखो तो सही," म्हणत ती स्वतःच बोलवायची. रत्नपाल रंग बघून सांगायचा, "हा उन्हात मळका दिसेल. बाहेर काढून दाखवू नकोस, ट्यूबलाइटखालीच ठेव." ती हसायची. त्यातलं थोडंफार ऐकायचीही.

घोळ झाला तो दौलतरावांच्या दिवशी.

दौलतराव शेव-मिक्श्चरचे कारखानदार. गाडी घ्यायला अख्खं घर घेऊन आले होते: बायको, भाऊ, भावजय, दोन पोरं आणि आई. आई म्हणजे भरभक्कम बाई, नऊवारीत, कपाळाला मोठं कुंकू. दौलतरावांचं जवळजवळ ठरलंच होतं. शोरूमचे मॅनेजर शरद साहेब खिशातलं पेन काढून टोपण उघडून बसले होते. एवढ्यात दौलतरावांची बायको कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली, "तशी छान आहे, पण मागून जरा..."

झालं. कोपऱ्यात कॉफी पीत बसलेल्या दिवाकरला राहवेना. तो उठला आणि म्हणाला, "वहिनी, लाख बोललात. मी कधीपासून हेच म्हणतोय. पुढून कितीही नटू द्या, मागून फारच जड दिसते!"

नेमक्या त्याच क्षणी दौलतरावांच्या मातोश्री डिक्कीत लोणच्याची बरणी मावते का ते बघायला वाकल्या होत्या.

त्या सावकाश सरळ झाल्या.

"कोण बोललं?" बाईंनी विचारलं.

रत्नपालला मित्र वाचवायचा होता. तो घाईघाईनं पुढे आला. "मावशी, त्याचं ऐकू नका. मागून भारदस्तच पाहिजे! त्यातच तर खरी शोभा आहे. मी तर पहिल्या दिवसापासून तेवढ्याचसाठी इथे येतो!"

यानंतर दौलतरावांच्या भावाला आवरायला दोन सेल्समन लागले. गाडीबद्दल बोलतोय, गाडीबद्दल, असं सुरभी कळवळून सांगत होती. ते एकदाचं पटलं तर घरातच दोन तट पडले. बायको म्हणे दुसऱ्या शोरूमला जाऊ, भावजय म्हणे हीच घ्या, पोरं म्हणे जीप घ्या. मातोश्रींनी निकाल दिला की ज्या दुकानात असली माणसं बसतात तिथून पोळपाटसुद्धा घ्यायचा नाही. सगळी वरात निघून गेली. शरद साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, दोघांजवळ आले आणि हात जोडले.

"अंकल, तुमच्या पाया पडतो. आता घरी बसून कम्पेअर करा."

एका शोरूमची बातमी दुसऱ्यात जायला इंदूरमध्ये कितीसा वेळ लागतो. दोन्ही काचेची दारं बंद झाली. मग हे दोघं पलासियाच्या चौकात चहाच्या टपरीवर उभे राहून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या बघू लागले. रत्नपालचं म्हणणं पडलं की हे उलट बरंच झालं. शोरूममधली गाडी म्हणजे घडीतलं कापड, अंगावर पडल्याशिवाय त्याचा खरा पोत दिसत नाही.

असं चाललं असताना, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, रत्नपाल गोदामात थान मोजत होता आणि बाहेर हातगाडीवाल्यांची बोंबाबोंब सुरू झाली. "अरे भिया, किसने अड़ा दी? निकलें कां से?" हमालानं येऊन सांगितलं, पलीकडच्या गल्लीत मोठी गाडी येऊन अडकलीय, आगाशे मास्तरीणबाईंच्या दारात.

रत्नपाल हातातला कापड मोजायचा गज टाकून धावला. जाऊन बघतो तो दिवाकरच्या ओट्याला लागून, दोन्ही बाजूंना जेमतेम माणूस आडवा जाईल एवढी जागा ठेवून, पांढरी सिएलो उभी. सुजयनं कारखान्यातल्या एका साहेबाची वापरलेली गाडी घेतली होती. बापाला न विचारता. बापाला विचारलं असतं तर काय ऐकावं लागलं असतं हे तो वर्षभर जेवताना ऐकतच होता.

रत्नपालला हसू आवरेना. तो कोपऱ्यावर जाऊन पेढे घेऊन आला. देव कधीच न मानणाऱ्या रत्नपाललाही त्या दिवशी, तो असेल तर असाच असेल, अशी जरा शंका आली. दिवाकर ओट्यावर उभा होता, वरपित्यासारखा. रत्नपालनं पेढ्याचा पुडा पुढे केला.

"बोल आता, दिवाकर. बोल!"

दिवाकरनं पेढा घेतला. गाडीकडे बघितलं. आणि भरल्या तोंडानं, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "बोलायचं काय त्यात? बघ ना. नाकापासून शेपटीपर्यंत एकाच थानातून कापल्यासारखी. कुठे जोड दिसतोय तुला?"

रत्नपाल बघतच राहिला. त्याचं वाक्य. जसंच्या तसं. वर्षभर सांभाळून वापरलेलं.

"हे मी म्हणायचो," तो म्हणाला.

"असशील. मीही म्हणायचो."

"तू? तू पिठाचा डबा म्हणायचास तिला!"

"तेव्हा नीट बघितली नव्हती."

खरं तर इथे रत्नपालनं हसून सोडून द्यायला हवं होतं. पण त्याला एकदम पोरकं वाटलं. त्याची बाजूच कुणी उचलून नेली होती आणि तो मोकळ्या मैदानात उभा होता. मग तोंडातून काय निघतंय हे कळायच्या आत तो म्हणाला, "तसं बघशील तर एस्टीम जास्त नीटस आहे. हिच्या कडेला बघ, इथे रेघ जरा ढिली पडलीय."

दिवाकरचा चेहरा बदलला. शेजारी जमलेले, पोरं, हातगाडीवाले, सगळे ऐकत होते. तो म्हणाला, "हे बघ रत्नपाल, ज्याच्या दारात गाडी असते ना, त्यालाच त्यातलं कळतं. नुसतं फुकटची कॉफी पीत बघत बसणाऱ्याला काय कळणार?"

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं असावं, कारण त्यानं पेढ्याचा पुडा उगीचच बंद केला, परत उघडला. पण रत्नपाल तोवर वळला होता. कॉफी दोघांनी प्यायली होती. एवढंच त्याच्या डोक्यात गोदामापर्यंत फिरत राहिलं. गिरणी बंद पडली तेव्हा सगळ्यांची एकदम पडली होती, त्यात कुणी वर नव्हता, कुणी खाली नव्हता. आज पहिल्यांदा एक जण ओट्यावर होता आणि एक जण गल्लीत.

बोलणं थांबलं. रत्नपाल गोदामातून सरळ घरी येऊ लागला आणि पंख्याकडे बघत पडू लागला. स्मितानं दोन-चार दिवस बघितलं, मग म्हणाली, "अहो, गाडी त्यांची आणि ताप तुम्हाला का?"

"मला कसला ताप? मी गाड्यांचा विषय सोडला."

"मग काल झोपेत डिक्की डिक्की काय करत होता?"

होळी झाली. रंगपंचमीच्या सकाळी फोन वाजला. सुलोचनाबाई होत्या, रडकुंडीला आलेल्या. "भावजी, तुम्ही येऊन जा हो. सुजयला कारखान्यात बोलावलंय, तो काही गाडी घेऊन गेला नाही. आता आमच्याच गल्लीच्या तोंडावरून गेरची मिरवणूक निघणार, टँकरमधून रंग उडवत. मी म्हटलं कव्हर घाला, तर ते होळीलाच पोरांनी ओढून नेलंय. सकाळपासून हे गाडीत जाऊन बसलेत. चहासुद्धा खिडकीतून घेतला."

रत्नपालनं फोन कानाशी धरूनच पायानं चपला ओढल्या. मग म्हणाला, "येतो म्हणून सांगू नका. आलोच."

गोदामाची किल्ली त्याच्याकडे असायची. तिथून त्यानं डागी मालातलं जाड मांजरपाटाचं एक थान उचललं आणि मालकाच्या घरच्या माणसाला आरडाओरडा करून सांगितलं. पण जुनी इंदूरहून मल्हारगंजपर्यंत रंगपंचमीला कोरडा पोचलेला माणूस अजून जन्मायचाय. गल्लीत शिरला तेव्हा तो डोक्यापासून छातीपर्यंत हिरवा आणि खाली जांभळा होता. थान तेवढं त्यानं सदऱ्याखाली पोटाशी धरून कोरडं ठेवलं होतं, त्यामुळे तो सातव्या महिन्यातल्या गरोदर बाईसारखा दिसत होता.

गाडीत, वर केलेल्या काचांच्या आत, दिवाकर ताठ बसला होता. सफारी सूट, दोन पेनं. रत्नपालनं काचेवर टिचकी मारली. काच बोटभर खाली आली.

"कोण?"

"मी आहे, रत्नपाल. बाहेर ये, गाडी गुंडाळू."

दिवाकरनं त्याला वरून खाली न्याहाळलं. त्यानं दाराच्या कडीला हातही घातला. पण आधी बाहेर पडलं ते, "दाराला हात लावू नको हां. हिरवा आहेस."

दोघांनी मिळून थान उलगडलं. रत्नपाल एका टोकाला, दिवाकर दुसऱ्या. कापड नाकावरून घेतलं, छपरावरून नेलं, कडेला खोचलं. "ताण, ताण," रत्नपाल ओरडत होता. "तुझ्या बाजूनं सुरकुती पडतेय." "सुरकुती गेली खड्ड्यात, गेर आली!" खरंच आली होती. ढोल अगदी कोपऱ्यावर ऐकू येत होते, पोरं घरांच्या गच्च्यांवर चढली होती. डिक्की अजून कापडाबाहेरच होती. दोघांनी कापडाखालून वाकून दार उघडलं आणि आत घुसले. हिरव्या-जांभळ्या रत्नपालनं दिवाकरची नजर बघून कापडाचं एक टोक आत ओढलं, सीटवर पसरलं आणि मग बसला.

पहिला फवारा छपरावर आदळला. काचांवर कापड असल्यामुळे आतून बाहेरचं काही दिसत नव्हतं. नुसता उजेड बदलत होता. एकदा सगळं आतलं गुलाबी झालं. मग पिवळं. मग कुणीतरी बादली ओतली आणि दिवाकरचं नाक निळं दिसायला लागलं. बाहेर ढोल बडवले जात होते, कुणी डिक्कीवर थापा मारत होतं.

"त्या दिवशी मी जे बोललो..." दिवाकरनं सुरुवात केली.

"काच नीट वर कर. थेंब येतायत."

दिवाकरनं काच घट्ट केली.

"खरं सांगू का," तो म्हणाला, "मला अजून एस्टीमच आवडते."

रत्नपाल त्याच्याकडे वळला.

"अरे पण पोरानं आणलीय. सून घरात आल्यासारखं झालं ते. आता नाक असंय आणि पाठ तशीय, बोलणार कसा? लोक विचारतात, कशी आहे? माझ्याकडे तिची बाजू घेऊन बोलायला एक वाक्य नव्हतं. तुझंच होतं तेवढं. ते घेतलं."

रत्नपालला आधी खोकला आला, मग हसू आलं, आणि दोन्ही मिळून असं काही झालं की गाडी हलायला लागली. "मग ते वाक्य मला परत दे," तो म्हणाला. "तू दुसरं शोध."

"घे. पण सुजयसमोर मला वापरू दे."

"सुजयसमोर वापर."

गेर पुढे गेल्यावर दोघांनी कापड काढलं. जाड मांजरपाटही अपुरा पडला होता. रंग झिरपून खालच्या पांढऱ्या गाडीवर ढगाढगांचे छाप उठले होते. उघडी राहिलेली डिक्की तर पिवळी-गुलाबी, जिलबीच्या परातीसारखी. सुलोचनाबाईंनी बादल्या भरून दिल्या. दोघं संध्याकाळपर्यंत घासत बसले, त्यात दिवाकरचं नाक खरंच निळं झालं. बाकीचा रंग गेला; डिक्कीवरचा गुलाबी हलका होत होत एका जागी अडून बसला.

सुजय आला. त्यानं डिक्की बघितली, दोघांकडे बघितलं. त्याला ओरडायचं होतं हे दिसत होतं, पण एक हिरवा आणि एक निळ्या नाकाचा माणूस ओट्यावर मांडीला मांडी लावून शिरा खात बसलेले बघून त्याला ते जमेना. "बाबा," तो शेवटी म्हणाला, "मी बसनं जातो, गाडी इथे उभी. दोघांतलं कुणीतरी चालवायला तरी शिका. नाहीतर पुढच्या वर्षी परत आत बसाल."

दिवाकरनं दोन दिवस प्रयत्न केला. तो क्लच सोडायच्या आधी प्रत्येक वेळी डावीकडे, उजवीकडे, मागे आणि घड्याळाकडे बघायचा. तोवर सिग्नल परत लाल. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनीच त्याला नमस्कार केला. मग रत्नपाल बसला. त्याला जमलं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला लायसन्स मिळालं तेव्हा स्मितानं ते उलटसुलट बघितलं आणि म्हणाली, "फोटोत कॉलरचा धागा सुटलाय तुमचा."

ज्या दिवशी रत्नपालनं पहिल्यांदा ती गाडी मल्हारगंजच्या गल्लीतून उलटी बाहेर काढली, त्या दिवशी दुकानं बंद ठेवल्यासारखी होती, कारण दुकानदार सगळे रस्त्यावर होते. "आन दो, आन दो भिया!" "अरे काट, जेमने काट!" म्हणजे उजवीकडे. पुढे दिवाकर, मागे दिवाकर, मधेच कुठेच नाही, कारण तो गटार ओलांडायच्या नादात एका ओट्यावर अडकला होता. सुलोचनाबाईंनी दारातून बघितलंच नाही; त्या देवघरात होत्या. गाडी बाहेर पडली तेव्हा टाळ्या वाजल्या.

तेव्हापासून सुजय कारखान्यात असला की गाडी रत्नपालच्या हातात आणि दिवाकर शेजारच्या सीटवर, असा कारभार सुरू झाला. सुलोचनाबाईंना शाळेत सोडायचं, स्मिताला ऑफिसातून आणायचं. पण दोघांनाही थोड्याच दिवसांत एक अडचण जाणवू लागली. आत बसलं की गाडी दिसतच नाही. दिसतो तो समोरचा टेम्पो. वर्षभर जिचं नाक आणि कड बघितली, ती आता नेमकी त्यांच्याभोवतीच असायची, त्यांना सोडून सगळ्या गावाला दिसायची.

यावर दिवाकरनं तोड काढली. कृष्णपुऱ्याला जुन्या राजांच्या समाध्यांवरच्या दगडी छत्र्यांच्या बाजूला गाडी लावायची, रस्ता ओलांडून पलीकडच्या कठड्यावर बसायचं आणि बघायची. मन भरलं की परत ओलांडून बसायचं आणि पुढे जायचं.

एका संध्याकाळी ते असे बसले असताना दुधाचे कॅन लावलेला एक मोटारसायकलवाला थांबला. त्यानं गाडीकडे बघितलं, कठड्यावरच्या या दोघांकडे बघितलं. दोघंही गाडीच्या मालकाची वाट बघत बसलेत असंच त्याला वाटलं असणार.

"किसकी है भिया?" त्यानं विचारलं.

"अपनी," दिवाकर आणि रत्नपाल एकदमच म्हणाले.

"अच्छी है," तो म्हणाला. मग मान वाकडी करून म्हणाला, "पर एस्टीम में जो बात है ना, वो इसमें नी है. ये पीछे से थोड़ी भारी..."

दिवाकर कठड्यावरून खाली उतरला. रत्नपालही उतरला. "इकडे ये, इकडे ये," दिवाकरनं त्याला हाताला धरून रस्त्याच्या कडेला आणलं, "वाक. अजून वाक. आता नाकापासून शेपटीपर्यंत बघ. कां दिख रिया है जोड़?"

रत्नपाल शेजारीच वाकला होता. वाक्य वापरल्याबद्दल तो काही बोलला नाही. दुधाचे कॅन तसेच संध्याकाळच्या उन्हात तापत राहिले.